बेगमी: घराची आणि मोहल्ल्याची

7 मे 2025 ला देशभर नागरी संरक्षणाची मॉक ड्रिल झाली. त्या आठवड्यात आमच्या मोहल्ल्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक यादी फिरत होती: संकटाच्या काळासाठी घरात काय काय भरून ठेवावं. कुठल्यातरी इंग्रजी मजकुरावरून ती उतरवलेली दिसत होती. डब्यातले मासे, डब्यातलं सूप, तंबू, कुऱ्हाड. बडनेऱ्यात डब्यातले मासे खाणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

ग्रुपवर लगेच दोन तट पडले. एकाचं म्हणणं, आजच्या आज किराणा भरा. दुसऱ्याचं म्हणणं, हा तवक्कुलचा अभाव आहे, रिज्क देणारा अल्लाह आहे. तिसरी गोष्ट ग्रुपवर कोणी लिहिली नाही. मशिदीबाहेर चपला घालताना एकाने ती हळूच विचारली, "आपल्या दारात पोती उतरताना कोणी पाहिलं, तर काय म्हणतील?"

माझं मत आधीच सांगून टाकतो. प्रत्येक घरात पंधरा दिवसांची बेगमी असावी. ती संकट आल्यावर नाही, संकट नसताना करावी. आणि ती लपवून करू नये.

'बेगमी' हा शब्द मुद्दाम वापरतो आहे. पावसाळ्याची बेगमी, वर्षाची बेगमी असं आपण मराठीत सहज म्हणतो. शब्द फारसीतून आला: बे-गम, म्हणजे ज्याला चिंता नाही तो. घरात दाणा आहे म्हणून माणूस निश्चिंत, एवढाच त्याचा अर्थ. परदेशात यासाठी 'प्रेपर' असा नवा शब्द आहे. त्यात बंकर येतो, बंदूक येते, शेजाऱ्याला लांब ठेवणारं कुंपण येतं. आपल्या शब्दात यातलं काही नाही.

वऱ्हाडाला हे नवीन तर मुळीच नाही. जमिनीत पेव काढून त्यात ज्वारी साठवायची, घरात कणगी, कोठ्या, उन्हाळ्यात कुरडया, पापड, शेवया. आमच्याकडे बकरी ईदनंतर मीठ-हळद लावून दोरीवर वाळत घातलेलं गोश्त. हे सगळं कुठल्याही यादीविना चालत होतं. मग अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, 1861 ते 1865 मध्ये, कापसाला भाव आला. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि वऱ्हाड जगाच्या बाजाराला जोडला गेला. शेतात कापूस वाढला, घरातला दाणा आटला. 1899-1900 चा मोठा दुष्काळ पडला तेव्हा इथे रूळ होते, गाड्या होत्या, बाजार होता. मजुराच्या घरात मात्र ज्वारी नव्हती आणि बाजारातली ज्वारी घेण्याची त्याची ऐपत नव्हती. आजही आपल्या भागातला शेतकरी कापूस-सोयाबीन विकतो आणि गहू विकत आणतो. बाजारावर इतकं विसंबणं चार दिवस दुकानं बंद पडेपर्यंत लक्षात येत नाही.

चार दिवस दुकानं बंद पडणं म्हणजे काय, हे अमरावतीकरांना वेगळं सांगायला नको. 24 मार्च 2020 ला रात्री आठ वाजता लॉकडाऊन जाहीर झाला आणि बारा वाजता सुरूही झाला. मध्ये चार तास. फेब्रुवारी 2021 मध्ये पुन्हा लॉकडाऊन, आणि तोही इतरांच्या आधी आपल्या जिल्ह्यात. त्याच वर्षी 12 नोव्हेंबरला त्रिपुरातल्या घटनांच्या निषेधाचा मोर्चा, 13 तारखेला बंद, दोन्ही दिवशी हिंसाचार, मग संचारबंदी आणि इंटरनेट बंद. मे 2023 मध्ये अकोल्याच्या जुन्या शहरात तेच.

2021 च्या त्या नोव्हेंबरमध्ये माझ्या घरात पीठ होतं, तांदूळ होता, डाळ होती. लॉकडाऊनने तेवढं शिकवलं होतं. संपलं ते इन्सुलिन. अम्मीची कुपी तिसऱ्या दिवशी तळाला गेली. औषधाच्या दुकानाला परवानगी होती म्हणे, पण तिथपर्यंत जायचं कोणी? माझा धाकटा भाऊ एकोणीस वर्षांचा, दाढी राखलेला. अब्बांनी त्याला दारातच अडवलं. माझ्या खिशात साठ रुपये होते, बाकी सगळे पैसे मोबाईलमध्ये, आणि मोबाईलला नेट नाही. शेवटी अब्बांचे रेल्वेतले जुने सहकारी, आम्ही त्यांना काका म्हणतो, ड्युटीवरून परतताना नव्या वस्तीतून कुपी घेऊन आले. पैसे त्यांनीच भरले. महिनाभर घ्यायला तयार नव्हते.

म्हणून माझी यादी पिठापासून सुरू होत नाही. ती औषधापासून सुरू होते. घरात कोणाला शुगर, बीपी, दमा, फिट्स असतील तर महिनाभराचं औषध जास्तीचं हवं, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची एक छापील प्रत. इन्सुलिन फ्रिजमध्ये राहतं, पण मे महिन्यात पारा पंचेचाळीसला असताना वीज गेली की फ्रिजचा काय उपयोग? मातीच्या मडक्यात, ओल्या फडक्याखाली, पाणी लागणार नाही अशा डबीत कुपी ठेवली तर निभावून जातं. ओआरएसची दहा-बारा पाकिटं. मग नोटा. दोन-तीन हजार रुपये, तेही सुटे, कारण अशा दिवसांत पाचशेची मोड कोणी देत नाही. फोन नंबर कागदावर. आधार, रेशन कार्ड, घरपट्टीची पावती, सगळ्याच्या प्रती एका प्लॅस्टिकच्या पिशवीत.

मग पाणी. आपल्याकडे येतं ते सिंभोऱ्याहून, अप्पर वर्धा धरणातून. मध्ये कुठे जलवाहिनी फुटली की वस्तीत हंडे खडखडतात. संकटाच्या काळात माणशी रोज निदान 15 लिटर पाणी मिळावं असं मदतकार्याचं जागतिक प्रमाण सांगतं. त्यात पिणं, स्वयंपाक, अंघोळ सगळं आलं. पाच माणसांच्या घराला तीन दिवसांसाठी हे सव्वादोनशे लिटर होतात, म्हणजे एक मोठा पिंप आणि थोडं वर. पिण्याचं वेगळं, झाकलेलं, आठ दिवसांनी बदललेलं. वुजूसाठी तोटीचा बदना वापरला तर पाव भागात भागतं, आणि नळ सोडून वुजू करणं तसंही आपल्याला शिकवलेलं नाही.

धान्याबाबत मी नवशिका होतो तेव्हा एक मूर्खपणा केला. 2020 च्या धसक्याने पुढच्या वर्षी वीस किलो रवा आणि दहा किलो मैदा आणून ठेवला. पावसाळ्यात डबा उघडला तर रवा चालत होता. अम्मी काही बोलली नाही, फक्त चाळणी आणून माझ्यापुढे ठेवली. दळलेलं टिकत नाही, दाणा टिकतो. सूरह यूसुफमध्ये सात सुगीच्या वर्षांचं धान्य कणसातच ठेवण्याचा सल्ला आहे, तो मला त्या चाळणीपुढे बसल्यावर कळला. आता गहू एप्रिलमध्ये घेतो, कडक उन्हात वाळवतो, कडुनिंबाचा पाला घालतो. तूरडाळीला एरंडेलाचा हात. आणि जे रोज खातो तेच ठेवतो: जुनं पुढे, नवं मागे. एवढं पाळलं की वेगळा 'साठा' असा राहतच नाही.

तवक्कुलवाल्यांशी माझं भांडण नाही. पण उंट आधी बांधायला सांगितलं गेलं आणि भरवसा नंतर, ही हदीस त्यांनाही पाठ आहे. बुखारी शरीफमध्ये हेही येतं की हुजूर (सल्ल.) बनू नजीरच्या बागांच्या खजुरांतून घरच्यांसाठी वर्षाचं अन्न काढून ठेवत. मना आहे ती साठेबाजी, म्हणजे टंचाईत माल दाबून भाव वाढवणं. टंचाई सुरू झाल्यावर दुकानातली शेवटची चार पाकिटं उचलणारा गिऱ्हाईकही मला त्याच वाटेवरचा वाटतो. एप्रिलमध्ये, बाजार गव्हाने भरलेला असताना घेतलेलं एक पोतं कोणाच्या ताटातलं नसतं.

आता मशिदीबाहेरचा तो प्रश्न. तो विचारणाऱ्याला मी भित्रा म्हणणार नाही. 2020 मध्ये भाजीच्या गाडीवाल्याला नाव विचारून परत पाठवलेलं आपण पाहिलं आहे. मुसलमानाच्या घरातलं पोतं कोणाच्या मोबाईलवर काय होऊन फिरेल याचा भरवसा नाही, हे खरं. पण स्वीडनच्या सरकारने 2018 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये घरोघरी पुस्तिका पाठवून लोकांना पाणी आणि अन्न ठेवायला सांगितलं. मार्च 2025 मध्ये युरोपीय संघाने 72 तासांच्या तयारीचा सल्ला दिला. जे तिथे शहाणपण आहे ते इथे माझ्या दारात गुन्हा कसं होईल? रात्री चोरून आणलेल्या पोत्याबद्दल कुजबुज होते. सकाळी दहाला हमालाच्या डोक्यावरून आलेलं, शेजारच्या काकूंना "तुमच्यासाठी पण सांगू का, भाव बरा आहे" असं विचारून आणलेलं पोतं कुजबुजीला फारशी जागा ठेवत नाही. मागच्या वर्षी आम्ही तीन घरांनी मिळून गहू घेतला. तिसरं घर काकांचं.

रोजंदारीवर जगणाऱ्याने काय करायचं, हा यापेक्षा अवघड प्रश्न आहे. ज्याचा आजचा किराणा आज येतो त्याला पंधरा दिवसांचं ज्ञान देणं मला जमत नाही. रेशनवर माणशी 5 किलो धान्य मिळतं, ते महिना पुरत नाही, त्यातून मागे काय टाकणार? इथे घराची बेगमी संपते आणि मोहल्ल्याची सुरू होते. अशअरी कबिल्याबद्दल हदीस आहे: अन्न कमी पडलं की ते सगळ्यांकडचं एका कापडात गोळा करत आणि सारखं वाटून घेत, आणि हुजूरांनी (सल्ल.) त्यांना आपलं म्हटलं. लॉकडाऊनमध्ये आपल्या मशिदींनी रेशनची किटं वाटली, चांगलं केलं. पण ती पळापळ करून वाटली. मशिदीच्या एका खोलीत कायमचं वीस घरांचं पंधरा दिवसांचं धान्य, ओआरएस, दोन टॉर्च, एक स्ट्रेचर आणि शुगर-दम्याच्या रुग्णांची यादी का असू नये? बायकांच्या भिशा आपल्याकडे गल्लोगल्ली चालतात. महिन्याला घरटी एक किलो दाण्याची भिशी त्यांच्याकडे सोपवली तर कमिटीच्या बैठकीपेक्षा लवकर उभी राहील, अशी माझी खात्री आहे. आणि त्या खोलीचं दार मोहल्ल्यातल्या कोणत्याही घरासाठी उघडं हवं, आडनाव न विचारता.

कमिटीपुढे मी हे दोनदा मांडलं. पहिल्यांदा खोलीत जुन्या चटया आहेत म्हणून राहिलं, दुसऱ्यांदा रमजान जवळ आला म्हणून. जुम्मानंतर तिसऱ्यांदा मांडणार आहे. चटया आमच्या माडीवर ठेवायला अम्मी तयार आहे.