पडायला शिकवता, तर पुरतं शिकवा

मोटारबोटीला बांधलेल्या दोरीची मूठ धरायची, पायांत लांब पट्ट्या चढवायच्या आणि बोटीमागे पाण्यावरून घसरत जायचं. या खेळाला वॉटर स्कीइंग म्हणतात. १९२२ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात लेक पेपिन या जलाशयावर राल्फ सॅम्युएलसन नावाच्या तरुणाने तो प्रथम करून दाखवला. आपल्यापैकी फारच थोड्याजणी हा खेळ कधी खेळतील. पण बाईचं शरीर दाखवलेलं चालतं, त्याबद्दल बोललेलं मात्र चालत नाही, हा आपल्या चांगल्या ओळखीचा न्याय या खेळात अगदी उघडा दिसतो. म्हणून हे लिहायला घेतलं.

फ्लोरिडातल्या विंटर हेवन गावी १९३६ साली सायप्रस गार्डन्स ही बाग सुरू झाली. १९४० च्या कडाक्याच्या थंडीत प्रवेशद्वाराजवळची वेल करपली. ती पाहुण्यांच्या नजरेस पडू नये म्हणून मालकीणबाई जूली पोप यांनी घेरदार झगे घातलेल्या तरुण मुली तिच्यापुढे उभ्या केल्या! पुढे महायुद्धाच्या काळात याच जूलीबाईंनी सैनिकांसाठी स्कीचे खेळ सुरू केले. पोहण्याच्या तोकड्या पोशाखातल्या, पाण्यावरून हसत हात हलवणाऱ्या मुली ही मग त्या बागेची जाहिरातच झाली. करपलेली वेल झाकायला बाई आणि तिकिटं खपवायलाही बाईच.

यावर कुणी म्हणेल, त्यातूनच तर बायका पुढे आल्या ना? आल्या, हे मान्यच करायला हवं. फ्रान्समध्ये १९४९ साली पहिली जागतिक स्पर्धा झाली. तिथे बायकांत सर्वंकष विजेती ठरलेली विला मॅग्वायर याच बागेतल्या खेळांत काम करणारी. १९५० आणि १९५५ सालीही ती जिंकली. खेळांमुळे बायकांना पगार मिळाला, रोज पाण्यावर उतरता आलं. त्यांचं कर्तृत्व मला कमी लेखायचं नाही. माझं भांडण त्यांच्या पोशाखाशीही नाही. ते आहे त्या पोशाखाआड पाळल्या गेलेल्या मौनाशी.

वॉटर स्कीइंग शिकायचं म्हणजे पडायचं. वेगात असताना पाय फाकलेल्या अवस्थेत बुडावर पडलं, तर पाण्याचा झोत योनिमार्गात किंवा गुदद्वारात जोराने घुसतो. आतला नाजूक भाग फाटतो, रक्तस्राव होतो, टाके घालावे लागतात, कधी जंतुसंसर्गही होतो. नवशिकी मुलगी तर पाण्यात उकिडवी बसूनच सुरुवात करते. तोल गेला तरी घाबरून ती मूठ सोडत नाही, तशीच मागे बसते आणि बोट तिला ओढत नेते. धोका नेमका तिथे असतो. डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकांतून हे कित्येक दशकं लिहून ठेवलं आहे. उपायही साधा आहे: निओप्रीन या जाड रबरी कापडाची चड्डी. पोहण्याच्या पातळ पोशाखाने हा झोत अडत नाही.

आता शिकवणारा काय सांगतो ते पाहा. हात सरळ ठेव, गुडघे वाकव, दोरी स्वतःकडे ओढू नकोस, बोटीला तुला उचलू दे, कंबर पुढे काढ. सगळं बरोबर आहे. पण ‘तोल गेला की लगेच मूठ सोड, आणि ही चड्डी घातल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकू नकोस, का ते नीट ऐक’ हे सांगायची वेळ आली की अनेकांची जीभ अडखळते. पुरुष प्रशिक्षकाने मुलीशी असलं कसं बोलायचं, असा सवाल केला जातो. वा! तिच्या मांड्या, कंबर, खांदे यांबद्दल तो दिवसभर किनाऱ्यावरून ओरडत असतो, तेव्हा संकोच आड येत नाही. ते शरीर दुखावू शकतं हे सांगतानाच बरी मर्यादा आठवते! ही मर्यादा नव्हे. हा जबाबदारीतून काढलेला पळ आहे, आणि त्याची किंमत मुलीने मोजायची असते. ती मोजूनही पुन्हा तिने गप्पच बसायचं, कारण जखम ‘तिथे’ झालेली.

बाईकडे खेळाडू म्हणून पाहिलं की ती काय करते, हेही सांगायला हवं. स्लॅलम प्रकारात मधल्या रेषेपासून साडेअकरा मीटर अंतरावर बोये असतात, त्यांना वळसा घालायचा आणि दोरी टप्प्याटप्प्याने आखूड करत न्यायची. अव्वल बायका १०.२५ मीटर दोरीवर खेळतात. म्हणजे दोरी बोयापर्यंत पोचतच नाही, उरलेलं अंतर अंग झोकून भरून काढावं लागतं. लिझ अ‍ॅलनने १९६९ च्या जागतिक स्पर्धेत बायकांची चारही सुवर्णपदकं एकटीने नेली. ऑस्ट्रेलियाच्या जॅसिंटा कॅरोलने २०१६ मध्ये ६०.३ मीटर लांब उडी घेतली. बोया काही मुलगी हसते आहे की नाही ते पाहत नाही.

म्हणून मागणी सरळ आहे. पहिल्याच धड्याला, दोरी हातात देण्याआधी, ही इजा तिच्या खऱ्या नावाने समजावून सांगा. मुलींना सांगा, मुलग्यांना सांगा, आईबापांनाही सांगा. चड्डी घालायची की नाही हे तिच्या आवडीवर किंवा पोशाख ठरवणाऱ्याच्या मर्जीवर सोडू नका. पाळीबद्दल, दुखण्याबद्दल मुलीला विचारता येईल अशी एक बाई शिकवणाऱ्यांत असू द्या. आणि बाई मिळाली नाही म्हणून पुरुषाची सुटका करू नका, त्यालाही बोलायला शिकवा.

मैत्रिणींनो, आपल्या मुली स्की शिकणार नाहीत कदाचित. पण पोहायला जातात, कबड्डी खेळतात, सायकल चालवतात. त्यांना शिकवणाऱ्यांना एकदा विचारून पाहा: माझ्या मुलीला काय इजा होऊ शकते, आणि ती तुम्ही तिला सांगितली आहे का?