समीकरण सुटले, पाऊस कळला का?

२६ मे २०२५ रोजी ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ ही हवामान अंदाजाची नवी प्रणाली कार्यान्वित झाली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत ती घडली, आणि तिच्या जाळ्यातील चौकट १२ किलोमीटरवरून ६ किलोमीटरवर आली. महासंगणकाचे कौतुक झाले, ते योग्यच. पण तो महासंगणक नेमके काय करतो? तो अवकल समीकरणे सोडवतो. ज्यांना आपले विद्यार्थी डिफरन्शियल इक्वेशन म्हणतात आणि परीक्षा संपताच विसरतात, तीच.

विसरतात, कारण आपण ती युक्त्यांची पोतडी म्हणून शिकवतो. प्रकार ओळखा, ठरलेली रीत लावा, उत्तराखाली दोन रेघा ओढा. वारा आणि पाणी यांची समीकरणे सहसा अशा रीतींनी सुटत नाहीत. शिवाय पाठ्यपुस्तकातील उदाहरण आज संगणक क्षणात सोडवून देतो. मग शिकायचे काय?

कागद घेऊन हे करून पाहा. एक राशी आरंभी १ आहे आणि तिच्या वाढीचा वेग प्रत्येक क्षणी तिच्याएवढाच आहे. एक एकक काळानंतर ती किती होईल? अचूक उत्तर सुमारे २.७१८. आता ०.१ एककाची पावले टाकत वाढ मिळवत चला. दहा पावलांनंतर २.५९४ येते. पाऊल ०.०१ केले, तर २.७०५. चौकट ६ किलोमीटरवर आणण्यामागचा हेतू येथे हाताला लागतो.

हेच समीकरण समाकल रूपात मांडता येते : राशी म्हणजे १ अधिक आजवरच्या वाढीची बेरीज. उजव्या बाजूस ‘राशी सदैव १’ असा भाबडा अंदाज घाला, आलेले फल पुन्हा तेथेच घाला. एक एकक काळाची उत्तरे अशी येत जातात : २, २.५, २.६६७, २.७०८. ही पिकार यांची रीत. ती उत्तर देतेच. शिवाय योग्य अटी पाळल्या गेल्या, तर उत्तर अस्तित्वात आहे आणि ते एकच आहे, हेही सिद्ध करते. हा प्रश्न किती प्रश्नपत्रिकांत दिसतो?

येथे बंगळुरूच्या सुलोचना गाडगीळ आठवतात. जन्म पुण्याचा, हार्वर्डमधून उपयोजित गणितात पीएच.डी., १९७३ पासून भारतीय विज्ञान संस्थेत. समीकरणांत मुरलेल्या या विदुषीने डी. आर. सिक्का यांच्यासह उपग्रहचित्रांतील ढगांचे पट्टे दिवसागणिक तपासले. १९८० च्या त्यांच्या शोधनिबंधातून मान्सूनकडे केवळ जमीन-समुद्रातील तापमानफरकाचा खेळ म्हणून न पाहता विषुववृत्तीय मेघपट्ट्याचे ऋतुमानानुसार स्थलांतर म्हणून पाहण्याची दृष्टी बळकट झाली. पुढे पावगडा भागातील भुईमूग शेतकऱ्यांशी त्यांनी पेरणीच्या काळाची चर्चा केली. जुलै २०२५ मध्ये त्या गेल्या.

त्यांच्या कामातून मला एवढेच दिसते : समीकरण मांडण्यापूर्वी आकाशाकडे पाहावे आणि उत्तर आल्यावर शेताकडे. चौकट ६ किलोमीटरची झाली, तरी कितीतरी ढग तिच्याहून लहान असतात. त्यांचा परिणाम अंदाजानेच धरावा लागतो. आरंभीच्या नोंदीतील लहानशी चूकही पुढे वाढत जाते. हे ज्याला ठाऊक नाही, तो संगणकाचे उत्तर एकतर देववाणी मानेल किंवा थट्टेवारी नेईल. पेरणी करणाऱ्याला दोन्ही महाग पडते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. युक्त्या शिकवाव्यात, पण प्रत्येक उदाहरणापाठी तीन प्रश्न सक्तीचे असावेत : हे समीकरण कोणत्या घटनेतून आले? उत्तर आहे, आणि एकच आहे, कशावरून? आरंभीची नोंद थोडी चुकली, तर काय होईल? या तिन्हींना गुण मिळू लागले, की दोन रेघांखाली थांबण्याची सवय आपोआप सुटेल. पुढच्या जूनमध्ये पहिला ढग दिसेल, तेव्हा आपल्या विद्यार्थ्याला त्यात पाठ केलेले समीकरण दिसावे, यापेक्षा न सुटलेले दिसावे.