फ्रेंच नांवें आणि आपली जीभ

इंग्रजी भाषेच्या भरंवशावर फ्रान्स देशांत उतरलेल्या प्रवाशाची पहिली फजिती फार करून तिकिटाच्या खिडकीपाशीं होते. शहराचें नांव त्यानें पुस्तकांत वाचिलेलें असतें, अक्षरें पाठ असतात, आणि तीं तो मोठ्या आत्मविश्वासानें उच्चारितो. परंतु आंत बसलेल्या कारकुनानें तें नांव जन्मांत ऐकिलेलें नसतें! जें शहर आपण ‘रीम्स’ म्हणून शिकतों त्यास तेथील लोक ‘रँस’ म्हणतात. जोन ऑफ आर्क हिनें १४२९ सालीं राजा सातवा चार्ल्स यास राज्याभिषेक करविला तें हेंच शहर. आणि १४३१ सालीं तिला जेथें जाळिलें तें ‘रूएन’ नव्हे, ‘रुआं’. तिचें स्वतःचें नांवहि तिच्या देशांत ‘झान दार्क’ असें आहे.

याहून मौजेची जोडी दुसऱ्या दोन शहरांची आहे. एक नॉर्मंडी प्रांतांत, इंग्लिश खाडीपासून जवळ. दुसरें अगदीं दक्षिणेस भूमध्य समुद्राच्या कांठीं, चित्रपटांच्या महोत्सवामुळें सर्वत्र प्रसिद्ध झालेलें. इंग्रजी शिकलेला मनुष्य पहिल्यास ‘केन’ आणि दुसऱ्यास ‘कॅन्स’ म्हणतो. खरे उच्चार मात्र मराठी मुलास कोणीं शिकवावयासहि नकोत. पहिलें शहर म्हणजे आपला प्रश्नार्थक ‘कां’, नाकांतून म्हटलेला. आणि दुसरें म्हणजे ज्यानें आपण ऐकतों तो ‘कान’. आमच्या कोंकणांतील वृद्ध मंडळी ‘कां’वरील अनुस्वार अजून स्पष्ट नाकांत बोलतात, त्यांस तर पहिल्या शहराचें तिकीट निःसंशय मिळेल. पॅरिसमधून ‘कां’ला जाणारी गाडी सें लाझार स्थानकावरून सुटते व ‘कान’ला जाणारी गार द लिओं स्थानकावरून, तेव्हां हा केवळ व्याकरणाचा प्रश्न आहे असें कोणीं समजूं नये.

फ्रेंच लिपि रोमनच असल्यामुळें इंग्रजी जाणणारास ती आपली वाटते, आणि येथेंच तो फसतो. शेवटचीं व्यंजनें बहुधा मुकीं असतात म्हणून ‘कॅलेस’ हें ‘काले’ होतें व खुद्द पॅरिस हें ‘पारी’ होतें. पण हा नियम पाठ करून जो निघाला तो पुन्हां फसतो. कारण ‘रँस’मधील ‘स’ उच्चारावाच लागतो. अर्ध्या ज्ञानाची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. मरणाच्या यातना भोगणारास दयेनें जो शेवटचा घाव घालावयाचा त्यास फ्रेंच भाषेंत ‘कू द ग्रास’ म्हणतात. शेवटचें अक्षर गाळणें म्हणजेच फ्रेंच बोलणें अशा समजुतीनें पुष्कळ इंग्रजी बोलणारे तें ‘कू द ग्रा’ असें ऐटीनें म्हणतात. ‘ग्रा’ म्हणजे चरबी. दयेचा घाव तो चरबीचा घाव झाला! निव्वळ अज्ञानापेक्षां ही ऐट आम्हांस अधिक खटकते, हें आम्ही स्पष्ट सांगतों.

आतां जी गोष्ट आमच्या मनांत या विषयाच्या मुळाशीं आहे तिच्याकडे वळूं. एखादा खेड्यांतून आलेला विद्यार्थी इंग्रजी पाठ वाचतांना ‘रांदेव्हू’ हा शब्द अक्षरें लावून ‘रेंडेझव्हस’ असा वाचतो, आणि वर्गांत हंशा पिकतो. हा हंशा आम्हांस मुळींच मान्य नाहीं. त्या मुलानें तो शब्द कोणाच्या तोंडून ऐकिला नाहीं, ग्रंथांतून मिळविला, एवढेंच त्या उच्चारावरून सिद्ध होतें. ज्याच्या घरीं इंग्रजीचा गंध नाहीं त्यानें तो शब्द मिळवावा, आणि ज्याच्या घरीं तो बोलण्यांत येतो त्यानें फुकट मिळालेल्या मालाच्या जोरावर त्यास हसावें, यांत विद्या कोणती? पवित्र शास्त्रांत शास्त्यांच्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायांत गिलादी लोक यार्देनेच्या उतारावर बसून प्रत्येकाकडून ‘शिब्बोलेथ’ हा शब्द म्हणवीत, व ज्याच्या तोंडून ‘सिब्बोलेथ’ निघे त्याचा वध करीत, अशी कथा आहे. बेचाळीस हजार माणसें त्या दिवसांत पडलीं. वर्गांतील हंशानें कोणाचा जीव जात नाहीं हें खरें, पण हसलेला मुलगा पुढें कित्येक महिने मोठ्यानें वाचावयास उभा राहत नाहीं, हें शिक्षकवर्गास ठाऊक आहे. पालकांनींहि घरीं हें लक्षांत ठेवावें अशी आमची विनंति आहे.

शिवाय ज्या इंग्रजांच्या उच्चारास आपण प्रमाण मानितों त्यांचा स्वतःचा हिशेब काय आहे? १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकिलें व आपलीं नांवें बरोबर आणिलीं. ‘बो शां’ म्हणजे सुंदर शेत, त्याचें इंग्रजांनीं ‘बीचम’ केलें. ‘बेल व्ह्वार’ म्हणजे सुंदर देखावा, त्या किल्ल्यास ते ‘बीव्हर’ म्हणतात. पहिल्या महायुद्धांत बेल्जममधील ‘ईप्र’ या शहराचें शिपायांनीं ‘वायपर्स’, म्हणजे पुसणीं, करून टाकिलें, आणि १९१६ सालीं त्याच नांवाचें एक विनोदी वर्तमानपत्रहि खंदकांत काढिलें; फ्रान्समधील ‘एताप्ल’ या गांवाचें तर ‘ईट ॲपल्स’, म्हणजे ‘सफरचंदें खा’, झालें! चिखलांत उभ्या असलेल्या शिपायास आम्ही दोष देत नाहीं. त्याला हंसण्यास कांहीं तरी हवेंच होतें.

मग सर्व फ्रेंच नांवें फ्रेंचांप्रमाणेंच उच्चारावीं काय? आमचें मत तसें नाहीं. मराठीत बोलतांना ‘मी पारीस गेलों होतों’ असें म्हणणाऱ्या गृहस्थाची पारीची यात्रा व्यर्थ गेली असेंच आम्ही समजूं. फ्रेंच लोकहि लंडनला ‘लोंद्र’ व डोव्हरला ‘दूव्र’ म्हणतात, आणि त्याबद्दल इंग्रजांनीं रागावण्याचें कारण नाहीं. जें नांव एका भाषेंत मुरलें तें तिचें झालें. लुई पास्तर या शास्त्रज्ञास मराठींत ‘पाश्चर’ म्हणतात, तो शब्द आतां दुधाच्या पिशवीपर्यंत पोहोंचला आहे. तो राहूं द्यावा, मात्र विज्ञानाच्या तासास एकवार खरा उच्चार सांगावा. निजामाच्या पदरीं रेमों नांवाचा एक फ्रेंच सेनापति होता, तो १७९८ सालीं हैदराबादेस मरण पावला. त्यास मुसलमान लोक ‘मुसा रहीम’ व हिंदु लोक ‘मुसा राम’ म्हणत. ‘मुसा’ हा ‘मस्यो’ या फ्रेंच आदरार्थी शब्दाचा अपभ्रंश! या अपभ्रंशांत आम्हांस अनादर दिसत नाहीं, जिव्हाळाच दिसतो. याच्या उलट बंगालच्या नबाब सिराजउद्दौला याचें कांहीं इंग्रजांनीं ‘सर रॉजर डाउलर’ केलें, आणि मोहरमांतील ‘या हसन, या हुसेन’ या शोकाच्या हांकेचें ‘हॉब्सन जॉब्सन’ केलें. १८८६ सालीं निघालेल्या एका जाड्या कोशास तेंच नांव आहे. दोन्ही ठिकाणीं जीभ वळली नाहीं हें सारखेंच. पण एका ठिकाणीं मनुष्यास घरांत घेतलें आहे आणि दुसऱ्या ठिकाणीं त्याची थट्टा आहे.

तेव्हां आमचा भेद इतकाच कीं, नांव आपण आपल्यांत बोलत असलों तर रूढ उच्चार पुरे; नांवाचा धनी समोर उभा असेल तर त्यास विचारावें व तो म्हणेल तसें म्हणण्याचा यत्न करावा. आणि या यत्नांत मराठी मुलगा इंग्रज मुलाच्या पुढें आहे. इंग्रजास ‘तूलूझ’मधील ‘त’ साधत नाहीं, तो आपल्या कानास ‘ट’सारखा वाटणारा वर्ण काढितो, आपणांजवळ ‘त’ व ‘ट’ दोन्ही जन्मापासून आहेत, तरीहि आपण इंग्रजी पुस्तकांतून आलेलें ‘टूलूझ’ म्हणतों. तत्त्ववेत्त्या देकार्तचें नांव देवनागरींत जसेंच्या तसें उतरतें. राहिला तो फ्रेंचांचा चमत्कारिक ‘उ’. ओंठ ‘ऊ’साठीं गोल करावे व आंतून ‘ई’ म्हणावी. पहिल्या दिवशीं आरशासमोर हंसूं येईल, आठ दिवसांत साधेल.

उत्तर फ्रान्समध्यें ‘नव्ह शापेल’ नांवाचें एक लहान गांव आहे. १९१४ च्या ऑक्टोबरांत तेथील हल्ल्यांत आमच्या पुण्याजवळच्या खडकीच्या बाँबे सॅपर्सच्या दोन कंपन्या होत्या, आणि त्यांची फार मोठी हानि झाली. १९२७ सालीं त्या गांवीं हिंदी सैनिकांचें स्मारक उघडण्यांत आलें. ज्यांस स्वतंत्र थडगें मिळालें नाहीं अशा चार हजार सातशेंहून अधिक जणांचीं नांवें त्याच्या भिंतीवर आहेत. तीं नांवें तेथील शाळेंतील मुलें वाचीत असतील तर कशीं वाचीत असतील? फ्रेंच भाषेंत ‘ह’ उच्चारीत नाहींत. ‘हरी’ हें नांव त्यांच्या तोंडीं ‘आरी’ होईल. आमच्यापैकीं कोणी पुढेंमागें तेथें गेला, तर तिकीट काढतांना गांवाचें नांव त्यांच्या रीतीनें घ्यावें, आणि भिंतीपाशीं एखादें मूल भेटल्यास त्यास चार नांवें आपल्या रीतीनें मोठ्यानें वाचून दाखवावीं.