वय झालेच होते!

2020 आणि 2021 या दोन वर्षांत आपल्यातील कोणी वडीलधारे माणूस गेले की फोनवरून समाचार घेणारा एक वाक्य हमखास बोलत असे: "काय करणार, वय झालेच होते." ते कोणी वाईट हेतूने उच्चारीत नाही, हे मी जाणतो. तरीही या वाक्याविरुद्ध मला लिहावयाचे आहे. कारण ते नुसते सांत्वनाचे राहिले नाही. त्याच्या आधारावर पुष्कळ निर्णय उभे राहिले.

इस्राएलमध्ये कोरोनाचा पहिला मृत्यू 20 मार्च 2020 रोजी नोंदला गेला. ते गृहस्थ 88 वर्षांचे होते, हंगेरीत नाझींच्या तावडीतून लहानपणी वाचलेले, यरुशलेमच्या एका वृद्धगृहात राहणारे. त्यांच्याविषयी लोकांनी आधी काय विचारले? वय किती, आणि आधीचे आजार कोणते. उत्तर मिळाले तशी तरुण मंडळी निश्चिंत झाली. पुढल्या काही आठवड्यांत बेरशेवा, यवनेल अशा ठिकाणच्या वृद्धगृहांतून एकामागून एक मृत्यूच्या बातम्या आल्या. नातेवाईक चाचण्यांसाठी ओरडत होते, आणि चाचण्या वेळेवर येत नव्हत्या. एप्रिलमध्ये सरकारने खास योजना काढली, तिचे नाव 'मागेन आवोत वे-इमाहोत', म्हणजे पित्यांची व मातांची ढाल. नाव छान आहे. ढाल मात्र घाव बसल्यावर पुढे आली.

जे चांगले झाले तेही सांगितले पाहिजे. डिसेंबर 2020 मध्ये लस आली तेव्हा वैद्यकीय कर्मचाऱ्यांबरोबर साठीच्या वरच्यांचा नंबर पहिला लागला. तिसरा डोसही 30 जुलै 2021 पासून आधी त्यांनाच मिळाला. जगात फार थोड्या देशांनी इतक्या झपाट्याने हे केले. म्हणजे या देशाला म्हाताऱ्यांचा जीव नकोसा होता, असा माझा आरोप नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. त्यांचा जीव आपण मोजला, त्यांचे मत मोजले नाही.

मार्चपासून वृद्धगृहांची दारे मुलाबाळांना बंद झाली. पहिले काही आठवडे ते योग्यही असेल; रोगच नवा होता. परंतु आठवड्यांचे महिने झाले तरी कोणी आत जाऊन विचारले का, की बाबा, तुम्हाला काय हवे? महिनाभर जास्त जगणे, की नातवाला एकदा पाहणे? कोणी पहिले निवडील, कोणी दुसरे. दोन्ही उत्तरे शहाण्या माणसाची आहेत. पण प्रश्नच विचारला गेला नाही. हॉलंडमध्ये 20 मार्च 2020 रोजी अशीच बंदी आली होती. तिथे मे महिन्यात 26 वृद्धगृहांत प्रयोग केला: प्रत्येक वृद्धामागे ठरलेला एक भेटणारा, तोंडावर मास्क, हात धुतलेले. त्या भेटींमुळे रोग पसरल्याचे आढळले नाही. म्हणजे कडी उघडता येत होती. उघडण्याची घाई कोणाला नव्हती, एवढेच.

आणि घरी राहणाऱ्यांचे काय? 8 एप्रिल 2020 रोजी पेसाहच्या संध्याकाळी देशभर घराबाहेर पडण्यास बंदी होती. आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एक मावशी राहतात, नव्वदीच्या जवळ आलेल्या. मुलगा दुपारीच दाराशी पिशवी ठेवून, बेल वाजवून, खाली उतरून गेला. त्याची चूक नव्हती. त्या दिवशी नियमच तसा होता. पण सण संपला, नियम सैल झाले, आणि पुढे वर्षभर पिशवीच येत राहिली! मावशी मला जिन्यातून म्हणाल्या, "अरे, मी काय तान्हं पोर आहे? मला विचारा तरी. तू तिकडे पायरीवर बस, मी इकडे दारात बसते, दोन शब्द बोलू." माणूस महिनोन्‌महिने खुर्चीत बसून राहिला की पायातले बळ जाते, भूक मरते, विसराळूपणा वाढतो. मृत्यूच्या दाखल्यावर यातले काही लिहीत नाहीत.

आता आपल्या समाजापुरते बोलतो. 2020 साली जे ऐंशी-पंचाऐंशीचे होते ते कोण? 1962 मध्ये मुख्य रब्बींनी बेने इस्राएलांच्या लग्नांवर पूर्वजांच्या चौकशीची अट घातली, आणि त्याविरुद्ध 1964 च्या उन्हाळ्यात जी तरुण मंडळी यरुशलेममध्ये धरणे धरून बसली, तीच ही! आम्हाला न विचारता आमच्याविषयी ठरवू नका, असे त्यांनी या राज्याला ठणकावून सांगितले, आणि ऑगस्टमध्ये क्नेसेटला बेने इस्राएल हे सर्व बाबतींत ज्यू आहेत, असे म्हणावे लागले. त्याच माणसांविषयी पुढे त्यांच्याच मुलांनी फोनवर आपापसांत ठरवून टाकले की आईला अमुक झेपणार नाही, बाबांना तमुक सांगू नका.

भाषेचा प्रश्न तर कोणी काढलाच नाही. रोज रात्री टेलिव्हिजनवर हिब्रूतून नवे नियम. लसीची वेळ घ्यावयाची तर फोनवर हिब्रू आवाज, एक दाबा, दोन दाबा. फेब्रुवारी 2021 मध्ये हिरवा पास निघाला, तो मोबाईलवर. दिमोना किंवा येरुहाममध्ये कारखान्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला दुकानापुरती हिब्रू येते, आजारापुरती येत नाही. शिवाय म्हातारपणी स्मृती ढळू लागली की मागून शिकलेली भाषा बहुधा आधी जाते आणि आईची भाषा उरते. समोर मास्क, चष्मा आणि झगा घातलेले माणूस, ओठ दिसत नाहीत, आणि शब्द परके. काही घरांत सेवेला भारतातून आलेली बाई होती, पण केरळची: तिला मराठी येत नाही, आजींना मल्याळम येत नाही. दोघी खुणांनी बोलत आणि, खरे सांगायचे तर, पुष्कळ मुलांपेक्षा बरे बोलत.

साथ आपल्याला नवी नाही. 1896 मध्ये मुंबईत प्लेग प्रथम आढळला तो मांडवीत. आपले पहिले सिनेगॉग सामुएल इझिकेल दिवेकरांनी 1796 मध्ये बांधले तेही मांडवीतच. प्लेगच्या त्या दिवसांत अधिकारी घरात शिरून रोगी उचलून नेत, आणि लोक रोग्याला लपवून ठेवीत. रोगापेक्षा घरच्यांपासून तुटण्याची भीती मोठी होती. त्याच शहरात ओडेसाहून आलेल्या हाफकिन या ज्यू शास्त्रज्ञाने 10 जानेवारी 1897 रोजी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, आणि मग भायखळ्याच्या तुरुंगात जे कैदी राजी झाले त्यांना दिली. सव्वाशे वर्षांपूर्वी कैद्याची संमती घेता येत होती!

"पण म्हातारी माणसे हट्टी असतात, त्यांना धोका कळत नाही," असे आपल्यातील शिकलेले लोक मला सांगतात. धोका त्यांनाच जास्त कळतो. कोणी टंचाईत वाढले आहे, कोणी युद्धे पाहिली आहेत. आणि हट्टी म्हणाल, तर हट्टी नसते तर 1964 साली काय झाले असते?

पुढली साथ कधी येईल हे सरकारवर सोडून देऊ नये. प्रत्येक सिनेगॉगच्या कमिटीने आजच एक वही करावी. आपल्या गावात एकटे राहणारे वृद्ध कोण, कोणाशी मराठीतच बोलावे लागते, घराची दुसरी किल्ली कोणाजवळ आहे. त्याखाली त्यांच्याच तोंडून लिहून घ्यावे: दार बंद करण्याची वेळ आली तर मला भेटायला कोणी यावे, इस्पितळात न्यावे की घरीच ठेवावे. खाली सही त्यांची, मुलाची नव्हे. नियम बदलले की मराठीतून फोन करण्यासाठी चार तरुण नेमावेत. आठवड्यातून अर्धा तास, यापेक्षा जास्त काम नाही.

आमच्या कमिटीच्या पुढल्या सभेत हा विषय मी मांडणार आहे. त्या दिवशी ऐंशीच्या वरच्या सर्वांना गाडी पाठवून आणावे, आणि पहिले बोलणे त्यांचे व्हावे, एवढी माझी अट आहे.