रंग जुळवू नका, मोजा!

फोटो प्रिंट करणाऱ्या हौशी मंडळींची एक ठरलेली पद्धत असते. प्रिंट काढायची, मॉनिटरशेजारी धरायची, "जरा लालसर आलंय रे" म्हणायचं, ड्रायव्हरमधला मजेंटा दोन घरं खाली ओढायचा आणि परत प्रिंट! चार कागद वाया गेल्यावर चेहरा बरा दिसतो आणि मागची झाडं खाकी होतात. याला कॅलिब्रेशन म्हणायचं असेल तर कोड कंपाइल होईपर्यंत वाट्टेल तिथे सेमिकोलन टाकत सुटण्याला इंजिनिअरिंग म्हणावं लागेल.

मुळात स्लायडर सगळं चित्र एकदम सरकवतो. प्रिंटरची चूक मात्र प्रत्येक रंगाला वेगळी असते. शाई कागदात पसरते, एकीवर दुसरी चढते, निम्मी शाई टाकली म्हणून रंग निम्मा दिसत नाही. म्हणून तर शेकडो चौकोन छापून मोजायचे. टीसी ९.१८ नावाच्या प्रचलित तक्त्यात ते ९१८ आहेत. छापताना ड्रायव्हरची रंगसुधारणा पूर्ण बंद (ही चालू राहिली तर पुढचं सगळं पाण्यात), मग शाई नीट वाळू द्यायची, आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर एकेका ओळीवरून फिरवायचा. नेहमीचं यंत्र ३८० ते ७३० नॅनोमीटरमध्ये दर १० नॅनोमीटरला किती प्रकाश परत आला ते मोजतं. एका चौकोनाचे ३६ आकडे! त्यातून लॅब मूल्यं निघतात, आणि सॉफ्टवेअर उलटा तक्ता बांधतं: हा रंग हवा असेल तर या प्रिंटरला काय पाठवायचं.

"पण शेवटी डोळाच खरा ना?" हा आवडता युक्तिवाद. अहो, तोच कागद ट्यूबलाइटखाली पांढरा आणि पिवळ्या बल्बखालीही पांढरा दाखवणारा हा डोळा! जुळवून घेणं हेच त्याचं काम. तो साक्षीदार म्हणून उभा करायचा?

दुसरे म्हणतात, कंपनीचं प्रोफाइल आहे की. आहे ना, कंपनीच्याच शाईचं आणि कंपनीच्याच कागदाचं. लॅमिंग्टन रोडवरची रिफिल भरून त्याच्यावर विसंबणं म्हणजे शेजाऱ्याच्या चष्म्याने पेपर वाचणं.

आणि लॅबवाले तर "अ‍ॅडजस्ट" करून देतात. माझ्या आजीचा फोटो एका लॅबने असाच सुधारून दिला. सावळी आजी चक्क गोरी, नऊवारीचा गर्द हिरवा पोपटी. विचारलं तर उत्तर, "सर, सगळ्यांना असंच आवडतं." माझी खरी तक्रार इथे आहे. ही तांत्रिक चूक नव्हेच, आजी कशी दिसायला हवी होती याबद्दलचं ते काउंटरवरच्या माणसाचं मत आहे. प्रिंटरच्या आवाक्याबाहेरचे रंग कसे आत ओढायचे हे प्रोफाइल वापरतानाही माणसालाच ठरवावं लागतं, कबूल. पण तो पर्याय निदान मेनूत लिहिलेला असतो आणि मी निवडलेला असतो. आजीचा रंग मला कुणी विचारलाच नाही.

यंत्र महाग आहे, मान्य. चौघांत मिळून घ्या. ग्रेम गिलचं आर्जिल हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि कागद, शाई किंवा ड्रायव्हरचं सेटिंग बदलेपर्यंत ते चौकोन रोज मोजावे लागत नाहीत. एक शनिवार जातो. स्लायडर ओढण्यात किती गेले ते मोजलंय का कुणी?