पाकिटावर ‘जैन’ लिहिलं, म्हणून झालं का?



भाद्रपद जवळ आला की मोबाइलवर जाहिराती सुरू होतात. ‘पर्युषण स्पेशल’ फराळाचा डबा, ‘शंभर टक्के जैन’ चिवडा, ‘जैन’ नूडल्स, ‘जैन’ पावभाजी, नुसती गरम करा आणि खा. दशलक्षण पर्वाचे दहा दिवस स्वयंपाकाची काळजी नको, सगळं घरपोच मिळेल, असं खाली लिहिलेलं असतं. महिला मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी ते पुढे पाठवतं आणि बघता बघता नावांची यादी तयार होते.

मला आज त्या डब्याविरुद्ध बोलायचं आहे. राग आला तर येऊ दे, पण शेवटपर्यंत वाचा आणि मग रागवा.

आधी त्या पाकिटावरच्या शब्दाकडे बघू. तिथं ‘जैन’ याचा अर्थ काय? कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. संपलं. बाहेरच्या जगानं आपल्या आहाराची एवढीच ओळख करून घेतली. त्याबद्दल माझी तक्रार नाही, त्यांना बिचाऱ्यांना कुणी सांगणार? माझी तक्रार आपल्याबद्दल आहे. आपणही आता तेवढंच धरून बसलो आहोत.

आपल्या आज्जीच्या स्वयंपाकघरात काय काय सांभाळलं जायचं ते आठवा. मद्य, मांस, मधु आणि पाच उदुंबर फळांचा त्याग, म्हणजे अष्टमूलगुण, ही तर पहिली पायरी. त्यापुढे पाणी गाळून घ्यायचं. गाळलेलं पाणी एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटं चालतं, उकळलेलं २४ तास. दळलेल्या पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, थंडीत सात. सूर्य मावळायच्या आत जेवण. दही-ताकाबरोबर डाळीचं द्विदल नको. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नको. यात कांद्याचं नाव कितीदा आलं? बहुतेक नियम वेळेचे आहेत, पाण्याचे आहेत, आणि ‘हे केव्हा केलं’ या एका प्रश्नाचे आहेत.

आता हेच प्रश्न त्या डब्याला विचारा. दशलक्षण भर पावसाळ्यात येतं, म्हणजे पिठाला तीन दिवस. चिवड्यातल्या शेवेचं बेसन कधी दळलं? पाकिटावर भरल्याची तारीख असते, दळल्याची नसते. आणि शेजारी लिहिलेलं असतं की सहा महिन्यांपर्यंत खायला उत्तम! पाणी गाळलेलं होतं का? शेव दिवसा तळली की रात्रपाळीत? कुणाला विचारणार?

कुणी म्हणेल, पाकिटावर हिरवा ठिपका असतो ना. असतो. पण त्या ठिपक्याचा नियम आपल्यापैकी किती जणींनी वाचलाय? आपल्या देशातल्या अन्नाच्या नियमांत मांसाहारी पदार्थाची व्याख्या करताना दूध आणि दुधाचे पदार्थ वगळले आहेत, तसाच मध वगळला आहे, मधमाशीचं मेण वगळलं आहे आणि शेलॅक, म्हणजे लाखेच्या किड्यापासून मिळणारी चकाकी, तीही वगळली आहे. म्हणजे मध घातलेल्या पदार्थावरही हिरवा ठिपका बसतो. सरकारच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे, कारण तो ठिपका सगळ्या शाकाहारी लोकांसाठी आहे. पण ‘मधु’ हा आपल्याकडे मद्य-मांसाच्या पंक्तीतला त्याग आहे. ठिपका बघून निर्धास्त होणाऱ्या आपण कुणाच्या भरवशावर आहोत?

हॉटेलातही तेच. ‘जैन दहीवडा’ म्हणून प्लेट समोर येते. कांदा-लसूण नाही हे खरं, पण ज्या घरात द्विदल पाळतात त्या घरच्या बाईनं उडदाच्या वड्यावर दही ओतलेलं बघून काय म्हणावं?

‘मग तू काय सगळंच पाळतेस का?’ हा प्रश्न येणार, मला माहीत आहे. मैत्रिणींनो, कुणी किती पाळायचं हे ज्याच्या त्याच्या शक्तीवर आहे. कुणी प्रतिमाधारी असेल, कुणी नुसतं रात्रीचं जेवण सोडलेलं असेल, कुणी नोकरीमुळे तेही करू शकत नसेल. मी कुणाच्या ओट्यावर पहारा द्यायला बसलेले नाही. माझ्या घरीही बिस्किटाचा पुडा येतो. तो बिस्किटाचा पुडा म्हणून येतो, धर्म म्हणून येत नाही. माझं भांडण नेमकं इथं आहे. विकतचं खा, हवं तर रोज खा, पण ते खाऊन ‘आम्ही जैन आहार पाळला’ असं मुलांना सांगू नका. कारण मुलं आपल्यावर विश्वास ठेवतात.

आमच्या ओळखीतली आठवीतली एक मुलगी परवा घरी आली होती. पिठाच्या डब्यावरची चिठ्ठी बघून तिनं विचारलं, ‘मर्यादा म्हणजे एक्सपायरी डेट ना?’ हुशार मुलगी, पाठशाळेत जाते, णमोकार मंत्र खणखणीत म्हणते. तिचं काही चुकलं नाही, तिला तेवढंच दिसलंय. पण या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक्सपायरी डेट विचारते, हे खाल्लं तर तुमचं काही बिघडेल का? मर्यादा विचारते, या पिठात एव्हाना जीव उत्पन्न झाले असतील, त्यांचं काय? एकीत स्वतःची काळजी, दुसरीत दुसऱ्याची. आपला सगळा अहिंसा धर्म या एवढ्याशा फरकात आहे. तो पुस्तकातून कळत नाही, पिठाच्या डब्यात हात घालणाऱ्याला कळतो. आणि ज्या घरात पीठ चाळलंच जात नाही, तिथल्या मुलीला तो कसा कळावा?

आता दुसऱ्या बाजूचं बोलते, कारण ते बोलल्याशिवाय हे सगळं अन्यायाचं होईल.

बायका तो डबा का मागवतात? हौस म्हणून? अजिबात नाही. पर्वातला एक दिवस बघा. पहाटे उठून पाणी गाळा, उकळा. घरात एकाचं एकाशन, दुसऱ्याचा उपवास, तिसऱ्याचं पारणं. मंदिरात अभिषेक आणि पूजा, घाईघाईनं घरी, पुन्हा ओटा. दुपारी भांडी होतात न होतात तोच संध्याकाळच्या जेवणाची घाई, कारण सूर्य कुणासाठी थांबत नाही. नोकरी करणारी असेल तर ती पाचला ऑफिसातून निघते आणि सहाला पोळपाटापाशी उभी राहते. घरातले पुरुष शुभ्र धोतर-दुपट्टा नेसून प्रवचनाला पहिल्या रांगेत. उत्तम संयमावरचं प्रवचन ऐकून येतात आणि विचारतात, ‘आज काय केलंयस?’

अशी दमलेली बाई डबा मागवते, तेव्हा तिला आळशी म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी उभी राहणार नाही. माझा आरोप तिच्यावर नाहीच. तो त्या घरावर आहे, ज्याला शुद्ध खाणं हवंय, पण पाणी गाळायला हात नाहीत. व्रतं श्रावकाला सांगितली आहेत आणि श्राविकेलाही. पाणी गाळणं हे बाईचं काम, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय? घरचं हवं असेल तर ते घरानं करावं, एकटीनं नाही.

आणि हे काही नवं खूळ नाही. कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याच समाजात, १८८७ साली कुंभोजला जन्मले. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं तिथं एकत्र राहायची, एकत्र जेवायची आणि आपली कामं आपण करायची. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले. दागिन्यांची गोष्ट आपण दरवर्षी भाषणात डोळ्यांत पाणी आणून सांगतो. मुलगे स्वतःची कामं स्वतः करायचे, ही गोष्ट मात्र घरी येऊन आपल्या मुलाला सांगत नाही.

मग करायचं काय? मी चार गोष्टी सांगते. चारही सोप्या आहेत आणि चारहींत मुलांचे हात लागतात.

पहिली, गाळणं घरी शिवा. जुनं माप आहे ३६ अंगुळं लांब आणि २४ अंगुळं रुंद, म्हणजे दीड हात बाय एक हात. कोरं, जाड सुती कापड घ्या, विरलेली साडी नको. उजेडाकडे धरलं तर सूर्याचं बिंब दिसू नये इतकी वीण घट्ट हवी. मुलांना बोटांनी माप घेऊ द्या, कडेला साधी धावदोऱ्याची शिवण घालू द्या. वाकडी आली तरी चालेल. पाणी गाळताना ते दुहेरी करायचं आणि गाळण्यात उरलेली जिवाणी जिथलं पाणी तिथंच हळूच सोडायची. हे एकदा हातानं केलेलं मूल अहिंसेवरचा निबंध पाठ करणार नाही, स्वतः लिहील.

दुसरी, डब्यांना चिठ्ठ्या. प्रत्येकीच्या कपाटात जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा असतोच. त्या कापा, भोक पाडा, दोरा ओवा. एका बाजूला दळल्याची तारीख, दुसऱ्या बाजूला मर्यादा संपायची तारीख, खाली ज्यानं दळण आणलं त्याचं नाव. आमच्याकडे हे काम मुलाकडे आहे. आता ज्वारीचं पीठ चौथ्या दिवशी डब्यात दिसलं तर तो मलाच जाब विचारतो.

तिसरी, दळण थोडं आणि मिळून. तीन दिवसांपुरतं दळण नेलं की गिरणीवाला कुरकुरतो, ‘एवढ्याशासाठी चक्की लावू होय, काकी?’ त्याचंही खरं आहे. शेजारच्या तीन घरांनी एकत्र दळण न्यावं, आळीपाळीनं एकेका घरच्या पुरुषानं जावं. गिरणीवाला खूश, पीठ ताजं, आणि एकीची खेप नऊ दिवसांतून एकदा.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ताट लहान करा. जाहिरातीतल्या डब्यात आठ-दहा पदार्थ असतात म्हणून आपणही तेवढे करायचे, ही चढाओढ आपल्याला मारते. पर्व संयमाचं आहे. मुगाची आमटी, भात, गरम भाकरी, ताजी कुटलेली शेंगदाण्याची चटणी, एवढ्यावर जेवण होतं. संध्याकाळी ज्वारीच्या पिठात तीळ, ओवा, मीठ घालून धिरडी. गोड हवंच असेल तर बेसनाचा लाडू. पाणी न घातलेल्या लाडवाची मर्यादा पिठाइतकीच, म्हणून तीन दिवसांचेच वळा, आणि वळायला सगळे बसा. कच्च्या केळ्याची पावभाजी एरवी मुलांसाठी जरूर करा, मीही करते. पण उत्तम संयमाच्या दिवशी जिभेला बटाट्याची आठवण करून देणारा पदार्थ शोधत बसायचं, याला संयम म्हणायचं का, ते तुम्हीच ठरवा.

एक मुद्दा राहिला. ‘विकत घेतलं तर कुणा गरजू बहिणीलाच चार पैसे मिळतात.’ पटलं. मग त्या बहिणीकडूनच घ्या. आपल्या गल्लीत, आपल्या मंदिरापाशी घरून लाडू-चकली करून देणाऱ्या कितीतरी जणी आहेत. तिला विचारता येतं, ‘वहिनी, बेसन कधीचं?’ आणि ती खरं सांगते, कारण उद्या मंदिरात पुन्हा भेटायचं असतं. तिनं दोन रुपये जास्त लावले तर घासाघीस करू नका. पाकिटाशी आपण करत नाहीच.

येत्या भाद्रपद शुद्ध पंचमीला सगळं जमणार नाही. या चारांतलं एक करा. निदान पिठाच्या डब्यावर एक चिठ्ठी, आणि तीही मुलाच्या हातची.

माझ्या बोलण्यानं कुणाचं मन दुखावलं असेल तर क्षमावाणीच्या दिवशी मी हात जोडून क्षमा मागेनच. म्हणणं मात्र मागे घेणार नाही.

जय जिनेंद्र!