गाडी रुसली, तरी घर रुसू नये

कल्पना करा, पुण्याचे एक कुटुंब स्वतःच्या गाडीने काशीला निघाले आहे. नवराबायको, दोन मुले आणि ७२ वर्षांच्या आजी. आजोबांना जाऊन वर्ष होत आले आहे आणि त्यांचे वर्षश्राद्ध काशीत व्हावे, अशी आजींची फार इच्छा आहे. उद्या सकाळी ती तिथी आहे. राजा घाटाजवळच्या एका गल्लीत खोली ठरली आहे. गुरुजींना सकाळी ७ ची वेळ दिली आहे.

काही दिवसच असे असतात, की सकाळपासून काही जुळून येत नाही. जबलपूरच्या लॉजमधून निघायलाच दीड तास उशीर झाला. धाकटीला गाडी लागली, तिचे कपडे बदलण्यात अर्धा तास गेला. रीव्याच्या अलीकडे वाहनांची लांबलचक रांग लागली आणि दुपारचे जेवण चिवड्यावर भागवावे लागले. मध्येच ऑफिसमधून फोन आला, तोही कटकटीचाच. संध्याकाळी मिर्झापूर मागे पडले. आता तासाभरात पोहोचू, असे म्हणेपर्यंत पुन्हा रांग. आणि त्या रांगेत टेंपरेचरचा काटा लाल खुणेवर गेला. बॉनेटच्या फटीतून वाफ येऊ लागली.

"तरी मी म्हणत होते, निघायच्या आधी गाडी दाखवून घ्या."

"तू गप्प बस. तुझ्यामुळेच तर सकाळी उशीर झाला!"

मागच्या सीटवर आजी पुटपुटल्या, "काहीतरी चुकलंय आपलं. त्यांच्या मनात नसेल आपण इथं यावं."

असा प्रसंग कोणत्याही घरावर येऊ शकतो. अशा वेळी पुढच्या १० मिनिटांत घरातली माणसे कशी वागतात, यावर बरेच काही अवलंबून असते.

झाकणाला हात लावू नका

रागावलेला, दमलेला माणूस अशा वेळी पहिली गोष्ट कोणती करतो? बॉनेट उघडतो आणि पाणी घालण्यासाठी रेडिएटरचे झाकण फिरवतो. नेमकी हीच सर्वात धोक्याची गोष्ट आहे. इंजिन थंड ठेवणारे पाणी, म्हणजे कूलंट, बंद नळ्यांमध्ये दाबाखाली असते. दाबामुळे ते १०० अंशांच्या वर तापले, तरी लगेच उकळत नाही. झाकण फिरवताच दाब जातो, पाणी एकदम उकळते आणि कारंज्यासारखे तोंडावर, हातांवर उडते. प्रेशर कुकरची वाफ जिरण्याआधी त्याचे झाकण उघडू नये, हे घरातल्या गृहिणीला कोणी सांगावे लागत नाही. गाडीलाही तोच नियम लागू आहे.

मग करायचे काय? एसी बंद करावा. गाडी शक्य तितकी डावीकडे घ्यावी, इंजिन बंद करावे आणि चारी इंडिकेटर लावावेत. बाजूला घ्यायला दोनचार मिनिटे गाडी चालवावीच लागली, तर हीटर पूर्ण सोडावा. आत उकडेल खरे, पण इंजिनातली थोडी उष्णता त्या वाटेने बाहेर पडेल. त्यानंतर निदान अर्धा तास, हाताला इंजिन गार लागेपर्यंत थांबावे. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतले, तर धातूला तडा जाऊ शकतो. मग शेकड्यांतले काम हजारांवर जाते.

"सकाळपासून तर ठीक होती!"

गाडी बंद पडल्यावर हे वाक्य हमखास ऐकू येते. ते खरेही असते, पण अर्धेच. मोकळ्या रस्त्यावर धावताना समोरून येणारा वारा रेडिएटर गार करतो. गाडी रांगेत उभी राहिली, की वारा नाही. तेव्हा सगळी भिस्त रेडिएटरच्या मागच्या पंख्यावर. पंख्याची वायर तुटली असेल किंवा फ्यूज उडाला असेल, तर मोकळ्या रस्त्यावर कदाचित काहीच कळत नाही. पहिली मोठी रांग लागली, की ते उघडे पडते. म्हणजे गाडी बंद पडते ती आज, पण बिघाड कदाचित महिन्यापूर्वीचाच असतो.

संकटे एकटी येत नाहीत, असे आपण म्हणतो. त्यामागे ग्रहांचे काही नसते. उशीर झालेला असतो, म्हणून सकाळी बॉनेट उघडून पाहायचे राहते. मन दुसरीकडे असते, म्हणून काटा वर चढताना दिसत नाही. मुले कुरकुरतात, म्हणून एसी जोरात असतो. घाई असते, म्हणून रांगेत हाफ क्लचवर गाडी पुढे ढकलली जाते आणि क्लच जळल्याचा वास येऊ लागतो. वाईट दिवसाने गाडीवर करणी केलेली नसते. वाईट दिवशी आपले लक्ष उडालेले असते, इतकेच. आजींनाही हे कोणीतरी शांतपणे समजावून सांगायला हवे, कारण त्या बिचाऱ्या स्वतःलाच दोष देत बसतात.

लांबच्या रांगा किती लांब असू शकतात, हे महाराष्ट्रातल्या अनेक कुटुंबांनी २०२५ च्या महाकुंभात अनुभवले. फेब्रुवारीच्या ९ आणि १० तारखांना प्रयागराजकडे जाणाऱ्या रस्त्यांवर इतकी वाहने लोटली, की मध्य प्रदेशातच, कटनीच्या आसपास, पोलिसांना गाड्या थांबवाव्या लागल्या. लोक तासन्‌तास गाडीत अडकून पडले. तेव्हापासून एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायला हवी. लांबच्या प्रवासात गाडीत पाणी, कोरडा खाऊ आणि वडीलधाऱ्यांची औषधे हाताशी हवीत, डिकीच्या तळाशी नव्हेत.

माणसे आधी, गाडी मागून

गाडी बाजूला लागली, की मुलांना आणि आजींना डाव्या दाराने उतरवावे आणि रस्त्यापासून दूर बसवावे. बंद पडलेल्या गाडीच्या मागे उभे राहून मोबाइलवर बोलणे फार धोक्याचे. अंधारात मागून येणाऱ्या ट्रकला माणूस दिसतोच असे नाही. लाल त्रिकोण मागे बऱ्याच अंतरावर ठेवावा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे, तर अपघात किंवा आजारपणासाठी ११२. अनेकांच्या विमा पॉलिसीत रस्त्यावरच्या मदतीची सोय असते, पण ती आहे की नाही हेच ठाऊक नसते. निघण्यापूर्वी ती पाहून तिचा फोन नंबर कागदावर लिहून ठेवावा. मोबाइल नेमका अशाच दिवशी उतरतो.

आणखी एक इशारा. मदत यायला वेळ लागणार असेल, तर इंजिन आणि एसी चालू ठेवून, काचा बंद करून गाडीत झोपू नये. धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत शिरू शकतो. त्याला ना रंग, ना वास. झोपेतल्या माणसाला काही कळायच्या आतच तो जिवावर बेततो.

टोपीची पिन आणि दोन मुले

मोटारीच्या पहिल्या लांब प्रवासातही गाडी रुसलीच होती. ऑगस्ट १८८८ मध्ये जर्मनीत बर्था बेंझ ही गृहिणी, ऑयगेन आणि रिखार्ड या आपल्या किशोरवयीन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता त्याने बनवलेल्या मोटारीतून माहेरी निघाली. मानहाइम ते फोर्त्सहाइम, सुमारे १०० किलोमीटर. इंजिन थंड राहावे म्हणून वाटेत पुन्हापुन्हा पाणी भरावे लागे. इंधन संपले, तेव्हा तिने एका गावातल्या औषधांच्या दुकानातून ते विकत घेतले. इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेक झिजले, त्यांना चांभाराकडून चामडे लावून घेतले. चढ आला, की मुलांनी गाडी ढकलली. संध्याकाळी ती माहेरी पोहोचली. प्रत्येक अडचणीत तिने एकच पाहिले, आता हाताशी काय आहे आणि कोण आहे.

आपल्या पुण्याच्या कुटुंबाकडेही हाताशी बरेच आहे. थोरला मुलगा १४ वर्षांचा आहे. त्याच्याकडे फोन करण्याचे काम द्यावे. धाकटीने आजींच्या शेजारी बसून त्यांना पाणी द्यावे. आणि नवराबायकोने एक करार करावा. चूक कोणाची, हा हिशेब घरी पोहोचल्यावर. बहुतेक वेळा घरी पोहोचेपर्यंत त्या हिशेबाची गरजच उरत नाही.

आता प्रश्न उद्याच्या तिथीचा. "गाडी दुरुस्त झाल्याशिवाय कसं निघायचं?" असे नवऱ्याला वाटते. गाडी सोडून जायला जीव होत नाही, ते साहजिकच आहे. पण गाडी आणि कुटुंब यांनी एकत्रच पोहोचले पाहिजे, असे कोणी सांगितले? मेकॅनिकने टोचन लावून गाडी गॅरेजमध्ये न्यावी. गाडी सोडण्यापूर्वी तिचा फोटो, किलोमीटरचा आकडा आणि गॅरेजचा पत्ता नोंदवून ठेवावा, मौल्यवान सामान काढून घ्यावे. चौघांनी भाड्याच्या गाडीने पुढे जावे, एकाने मागून यावे.

"अहो, तुम्ही थांबा गाडीपाशी. मी आईंना आणि मुलांना घेऊन पुढे होते," असे बायकोने म्हणावे. आणि नवऱ्याने, "जमेल का तुला?" असे विचारू नये.

शेवटचा टप्पा पायीच

रात्री उशिरा चौघे गोदौलियाच्या चौकापाशी उतरतात. इथून पुढे गल्ल्या. वाराणसीच्या जुन्या वस्तीतल्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत, की समोरून गाय आली तर भिंतीला चिकटून उभे राहावे लागते. धडधाकट गाडीसुद्धा राजा घाटाच्या पायऱ्यांपर्यंत कधीच गेली नसती. हे लक्षात आले, की आजी दिवसभरात पहिल्यांदा हसतात.

दशाश्वमेध घाटाकडून काठाकाठाने केदार घाटाकडे चालू लागले, की मध्ये राजा घाट लागतो. पूर्वी त्याला अमृतराव घाट म्हणत. हे अमृतराव म्हणजे रघुनाथरावांचे दत्तक पुत्र, दुसऱ्या बाजीरावांचे थोरले भाऊ. १८०२ मध्ये होळकरांनी पुणे जिंकल्यावर काही महिने पेशवाईचा कारभार त्यांच्या हाती आला आणि लगेच गेलाही. इंग्रजांनी त्यांना वर्षाला ७ लाख रुपयांचा तनखा दिला. चित्रकूटजवळ कर्वी इथे त्यांनी आपले ठाणे मांडले आणि १८२४ मध्ये काशीतच त्यांचा अंत झाला. पुण्याची गादी हातची गेली, पण त्यांनी पक्का बांधवलेला हा घाट आजही उभा आहे. पुण्याहून आलेल्या माणसाला इथे थोडे घरी आल्यासारखे वाटले, तर नवल नाही.

सकाळी ७ वाजता समोरच्या तीरावरून आलेले ऊन पायऱ्यांवर पसरलेले असते. गुरुजी तयारी मांडत असतात. गॅरेजमधून पहाटे निघालेला मुलगा न झोपलेल्या डोळ्यांनी गल्लीतून धावत येतो. पंख्याची वायर जळाली होती, दुपारपर्यंत गाडी तयार होईल, असे तो सांगतो. बायको त्याच्या हातात चहाचा कुल्हड देते. "वायर कशी जळाली?" असे ती विचारत नाही. "बसा दोन मिनिटं," एवढेच म्हणते.

आजी मुलाकडे बघतात. "हात भाजला नाही ना तुझा?" त्या विचारतात.

"नाही आई."

"मग झालं तर. ये, बैस असा."